इमॅन्युएल सेलर: ब्रुकलिनचा हट्टी वकील आणि अमेरिकेतले आपण

हडसनकाठी (धागाकर्ता)

अमेरिकेत मंडळाच्या गणपतीला आभारप्रदर्शन हा वेगळा कार्यक्रमच असतो. प्रायोजक, मोदकवाल्या काकू, माइकवाला, पार्किंगमध्ये उभी राहिलेली पोरं, कोणी म्हणून सुटत नाही. ज्याच्या कायद्यांमुळे ही सगळी मंडळी इथे जमली, त्याचं नाव मात्र मी अजून एकाही मंचावरून ऐकलेलं नाही. इमॅन्युएल सेलर. १९४६चा लूस-सेलर कायदा आणि १९६५चा हार्ट-सेलर कायदा, दोन्हींत नाव त्याचं. पहिल्याने हिंदी माणसाला अमेरिकेचं नागरिक होण्याचा हक्क दिला, दुसऱ्याने वंश आणि देश बघून माणूस घेण्याची पद्धत मोडीत काढली.

जन्म ६ मे १८८८, ब्रुकलिन. आजी-आजोबा जर्मनीहून आलेले, घर ज्यू. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा, टाकी घराच्याच तळघरात. धंदा बसला, मग वडील घरोघर फिरून वाइन विकू लागले. पोरगा कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना वडील गेले आणि काही महिन्यांत आईही गेली. भावंडांची जबाबदारी अंगावर पडली. सकाळी कॉलेज, दुपारपासून संध्याकाळी सातपर्यंत वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे वाइनच्या ऑर्डरी घ्यायच्या. अशा रीतीने १९१०ला पदवी आणि १९१२ला वकिली पुरी केली.

१९२२ साली अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक लढवली ती रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यातून. मुद्दे दोन: दारूबंदी वाईट आणि राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) चांगला. वाइन विकून शिकलेल्या माणसाने दारूबंदीवर तोंडसुख घ्यावं यात नवल नाही. जेमतेम तीनेक हजारांच्या फरकाने निवडून आला. मार्च १९२३मध्ये गेला तो जानेवारी १९७३पर्यंत तिथेच. पन्नास वर्षांना दोन महिने कमी.

१९२४ साली, म्हणजे नवखा असतानाच, सभागृहात जॉन्सन-रीड कायदा आला. दरवर्षी कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची हे ठरणार होतं १८९०च्या जनगणनेवरून. त्या वर्षी अमेरिकेत त्या देशात जन्मलेले जितके लोक होते, त्याच्या दोन टक्के. जनगणना तर १९२०चीही हाताशी होती. मग १८९० का? कारण इटालियन, पोलिश आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर. जुनी खातेवही उघडली की ते आपोआप गळतात. जर्मनीला एकावन्न हजारांवर जागा आणि इटलीला चार हजारही नाहीत, असा तो हिशेब. आशियाई माणसाला तर जागाच नाही, कारण तो 'नागरिकत्वाला अपात्र'. सेलर याविरुद्ध उभा राहिला, बोलला आणि सपशेल हरला.

पुढे १९५२ला मॅकरन-वॉल्टर कायद्याने तीच कोटा पद्धत कायम ठेवली. अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला तरी काँग्रेसने तो मोडून कायदा केला. सेलर तेव्हाही विरोधात होता. मग हार्ट-सेलर विधेयक. १९६५ला २५ ऑगस्टला प्रतिनिधीगृहात ३१८ विरुद्ध ९५, सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये ७६ विरुद्ध १८, आणि ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी अध्यक्ष जॉन्सन यांची सही. ज्या कायद्याविरुद्ध पहिलं मोठं भाषण केलं, तो मोडायला या माणसाला एकेचाळीस वर्षं लागली. तोवर तो सत्त्याहत्तरचा झाला होता.

आता गंमत. विधेयकावर बोलताना सेलरने सभागृहाला दिलासा काय दिला? की आशिया-आफ्रिकेतून फारसे लोक येणारच नाहीत, त्यांचे इथे नातेवाईकच कुठे आहेत? १९६०मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेली माणसं होती बारा हजारांच्या आसपास. आज भारतीय वंशाचे पन्नास लाखांच्या घरात आहेत. इतकं चुकलेलं भाकीत आणि त्याचं इतकं चांगलं फळ, असं राजकारणात क्वचितच होतं.

माझं मत सांगून थांबतो. मला तो भविष्यवेत्ता वाटत नाही आणि लबाडही वाटत नाही. न्यायाधीशाला जे ऐकल्यावर निकाल द्यायला सोपं जाईल तेवढंच तो बोलला. हाडाचा वकील.

---

खिडकीतला_पक्षी

वाचनखूण साठवली आहे. नाव पहिल्यांदाच ऐकलं, आणि तीस वर्षं इथे राहतोय!

---

आबा_ओहायो

हडसनकाठी, चांगला विषय काढलात. मी या कायद्याचं चालतंबोलतं अपत्य आहे. व्हीजेटीआयमधून इंजिनिअर झालो, सत्तर साली आलो. आमच्या वेळी 'एच-वन' (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) हा शब्द कोणाच्या तोंडी नसायचा. सगळे म्हणायचे 'थर्ड प्रेफरन्स'. कायद्यात सात पायऱ्या होत्या, त्यातली तिसरी पदवीधर व्यावसायिकांची. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ. त्या पायरीला एकूण जागांच्या दहाच टक्के. पण भारतातून अर्ज करणारे मोजके, त्यामुळे आम्हाला त्या पुरल्या.

ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये मुलाखत. हाती मोठं तपकिरी पाकीट, त्यात छातीचा एक्स-रे. ते विमानात मांडीवर घेऊन बसायचं, दुमडायचं नाही, कारण उतरल्यावर तिथला अधिकारी ते मागणार. रिझर्व्ह बँकेने दिलेले आठ डॉलर खिशात. नोकरीचा पत्ता नाही आणि तरी उतरलो तो कायमचा रहिवासी म्हणून! माझ्या नातवाच्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना थाप वाटते.

डॉक्टरांचं वेगळंच होतं. ६५च्याच जुलैमध्ये मेडिकेअरवर सही झाली. म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च सरकार द्यायला लागल्यावर इस्पितळांना डॉक्टर पुरेनात. आमच्या बरोबरीचे जेजे आणि केईएमचे कितीतरी जण त्या लाटेत आले. गावोगावच्या इस्पितळांत रात्रपाळ्या करायला इथले डॉक्टर तयार नसायचे, आपले असायचे. १९७६ला कायदा बदलला आणि परदेशी डॉक्टरांचं येणं अवघड झालं.

तुम्ही सेलरला धन्यवाद देताय ते बरोबरच, पण निम्मे आभार त्या टंचाईचे माना.

---

तिसरी_घंटा

१९४६च्या कायद्याबद्दल धाग्यात घाईने उरकलंय, म्हणून थोडी भर.

सेलर मार्च १९२३मध्ये काँग्रेसमध्ये आला. त्याच्या दोनच आठवडे आधी, १९ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या तिथे राहणाऱ्या पंजाबी शिखाच्या खटल्याचा निकाल दिला होता. नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. थिंड म्हणत होता, मी उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोराच. न्यायालय म्हणालं, शास्त्र काय म्हणतं ते राहू दे, सामान्य अमेरिकन माणूस तुला गोरा समजत नाही. खेळ खलास. त्यानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली.

याच्या आधी न्यूयॉर्कमध्ये मुंबईचे एक पारशी गृहस्थ, भिकाजी बलसारा, नागरिक झाले होते. सरकारने अपील केलं, १९१०मध्ये अपिलातही तेच जिंकले. म्हणजे मुंबईच्या पारशाला जे मिळालं ते पंजाबच्या शिखाला तेरा वर्षांनी नाकारलं.

थिंडचा वकील होता सखाराम गणेश पंडित. तो स्वतः १९१४पासून नागरिक होता आणि लॉस एंजलिसमध्ये वकिली करायचा. थिंड हरल्यावर सरकार त्याच्याच मागे लागलं. पंडितने युक्तिवाद केला की मी तुमच्या शब्दावर विसंबून वकील झालो, लग्न केलं, घर घेतलं, आता माघार कशी घेता? तो जिंकला, आणि सरकारला पुढचे बरेच दावे सोडून द्यावे लागले.

थिंडच्या बाजूने केलेल्या लेखी युक्तिवादातला एक भाग वाचून मात्र मान खाली जाते. उच्चवर्णीय हिंदू लग्नसंबंधांच्या बाबतीत भारतातल्या मूळ रहिवाशांकडे तसंच बघतो जसा गोरा अमेरिकन काळ्याकडे, असं त्यात चक्क लिहिलंय. हक्क मागायला गेले आणि बरोबर जात घेऊन गेले.

अवांतर: सेलर कोलंबियातून १९१२ला बाहेर पडला, डॉ. आंबेडकर १९१३ला तिथे दाखल झाले. एका वर्षाची चुकामूक.

---

रोखठोक_राव

सगळं ठीक, पण सेलरला एकदम देव्हाऱ्यात बसवू नका. १९४६चा कायदा काय भारतप्रेमातून आला? युद्धात चीन दोस्त, म्हणून १९४३ला चिन्यांवरची बंदी उठवली. वर्षाला १०५ जागा! मग भारताचं काय? जपानचा प्रचार चालूच होता की बघा, गोरे तुम्हाला माणसात धरत नाहीत. तो खोडायचा होता म्हणून आपल्यालाही वर्षाला १०० जागांचा तुकडा टाकला. शंभर! एका लोकलच्या डब्यात याहून जास्त माणसं मावतात.

१९६५ही तसंच. शीतयुद्धात नवस्वतंत्र देशांना आपल्याकडे ओढायचं तर वंशाचा कायदा पुस्तकात ठेवून कसं चालेल? त्यांची गरज होती, त्यांनी केलं.

---

हडसनकाठी

@आबा_ओहायो, एक्स-रेच्या पाकिटाबद्दल खास आभार. ही माहिती कुठल्या पुस्तकात मिळणार?

@तिसरी_घंटा, उत्तम भर.

@रोखठोक_राव, गरज होती हे मान्य. पण गरज १९४४लाही होती आणि विधेयक समितीत धूळ खात पडलं होतं. मोठ्या कामगार संघटनेचा विरोध होता, दक्षिणेतल्या सदस्यांचा तर होताच. ते पुढे सरकलं कारण न्यूयॉर्कमध्ये इंडिया लीगचे जे. जे. सिंग नावाचे एक व्यापारी वॉशिंग्टनच्या खेपा घालत होते, आणि सभागृहात दोन टोकाची माणसं एकत्र आली. सेलर डेमोक्रॅट, ज्यू, ब्रुकलिनचा. आणि क्लेअर बूथ लूस रिपब्लिकन, नाटककार, कनेटिकटची श्रीमंत बाई. २ जुलै १९४६ला ट्रुमन यांची सही झाली. आपण तेव्हा स्वतंत्रही नव्हतो.

आणि त्या शंभर जागांना हसू नका. खरी किंमत नागरिकत्वाच्या हक्काची होती. वीस-तीस वर्षं कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्यांना तिथल्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नव्हती, कारण ते 'अपात्र'. ते एका सहीने पात्र झाले. त्यांतलेच दलीपसिंग सौंद १९४९ला नागरिक झाले आणि १९५६ला थेट काँग्रेसवर निवडून गेले. दहा वर्षांत 'अपात्र'चा खासदार!

---

काळा_कोट

मी पेशाने वकील, म्हणून माझं लक्ष भलतीकडे गेलं. या गृहस्थाने खासदारकीबरोबर वकिलीही चालूच ठेवली होती. खासदाराने केंद्र सरकारच्या खात्यांपुढे वकिली करायची नाही असा नियम आहे. तर न्यूयॉर्कमधल्या फर्मला दोन दारं. एका दारावर सेलरच्या नावाची पाटी, दुसऱ्यावर त्याचं नाव नाही. सरकारी कामाचे पक्षकार दुसऱ्या दाराने! आतून कचेरी एकच. वकिलांच्या संघटनेने नावं ठेवली, पण मतदार निवडून देताहेत तोवर मी कोणाला जाब देऊ, असा त्याचा पवित्रा. आपल्याकडची काही माणसं डोळ्यांपुढे आली, नावं घेत नाही.

तरी कायद्याचं काम त्याने डोंगराएवढं केलंय, हे मान्य करायलाच हवं. न्यायविषयक समितीचा अध्यक्ष १९४९पासून १९७३पर्यंत, मध्ये दोन वर्षं सोडली तर सलग. १९५०चा सेलर-केफॉवर कायदा, ज्याने मोठ्या कंपन्यांनी लहान कंपन्या गिळण्याला आळा घातला, तो आजही विलीनीकरणाच्या प्रत्येक खटल्यात येतो. पूर्वी शेअर घेऊन कंपनी गिळायला बंदी होती, पण तिची यंत्रं-इमारती विकत घेऊन गिळायला नव्हती. ती पळवाट याने बुजवली. १९६४चा नागरी हक्क कायदा त्याच्याच समितीतून गेला, १९६५चा मतदान हक्क कायदाही. नागरी हक्कांच्या वेळी त्याचा जोडीदार होता ओहायोचा रिपब्लिकन विल्यम मॅकलक. हा मॅकलक नसता तर १० फेब्रुवारी १९६४ला २९० मतं पडली नसती.

---

साखरझोपमोड

@काळा_कोट, १९६४चं निघालंय तर पूर्ण सांगा ना. नोकरीत भेदभाव करायचा नाही या कलमात वंश, रंग, धर्म आणि मूळ देश होते, 'स्त्री-पुरुष' हा भेद नव्हता. व्हर्जिनियाचा हॉवर्ड स्मिथ, जो या विधेयकाचा कट्टर विरोधक, त्याने ती दुरुस्ती आणली. आणि विरोधात बोलायला कोण उठलं? तुमचा हा सेलर. म्हणाला, आमच्या घरात शेवटचे दोन शब्द माझेच असतात, 'हो, प्रिये'. सभागृहात हशा. सभागृहातल्या मोजक्या बायका एकेक करून उठल्या आणि तो हशाच मुद्द्याचा पुरावा आहे, असं सुनावलं. दुरुस्ती मंजूर झाली.

पुढे समान हक्क दुरुस्ती, म्हणजे स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती, तर त्याने समितीत वर्षानुवर्षं दाबून ठेवली, सुनावणीसुद्धा नाही. शेवटी १९७०मध्ये मार्था ग्रिफिथ्स या बाईंनी निम्म्याहून जास्त सदस्यांच्या सह्या गोळा करून ते विधेयक त्याच्या तावडीतून सोडवलं. मतदानात ३५० विरुद्ध १५. त्या पंधरांत साहेब होतेच.

वंशाच्या अन्यायासाठी एकेचाळीस वर्षं झुंजणाऱ्याला घरातला अन्याय दिसू नये, हे तसं आपल्या सुधारकांच्या ओळखीचंच आहे म्हणा.

---

रांगेतला_मी

तुमचं कौतुक चालू द्या. आम्ही मात्र ग्रीन कार्डच्या (कायमच्या रहिवासाच्या) रांगेत उभं राहून याच सेलरच्या नावाने बोटं मोडतोय. प्रत्येक देशाला सारखी मर्यादा, ही कल्पना त्याच कायद्यातली ना? भारताला जेवढ्या जागा तेवढ्याच आइसलँडला. माझ्या मागून आलेले इतर देशांचे सहकारी नागरिक होऊन मतदान करतात, आणि मी अजून नोकरी बदलायची म्हटली की आधी वकिलाला फोन करतो.

---

हडसनकाठी

@साखरझोपमोड, शब्दन् शब्द मान्य.

@रांगेतला_मी, तुमची चिडचिड समजते, पण हिशेब नीट मांडू. १९६५च्या कायद्यात पूर्व गोलार्धाला वर्षाला १,७०,००० जागा आणि कोणत्याही एका देशाला २०,०००पेक्षा जास्त नाहीत. शंभरवरून वीस हजार! तेव्हा ती कोणाला मर्यादा वाटलीच नाही. आज तुम्हाला जी एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा नडते ती १९९०च्या कायद्याची, सेलर वारल्यानंतरची. कल्पनेचं मूळ ६५चं, एवढं खरं. सगळ्या देशांना समान वागवा, ही त्या काळची न्यायाची व्याख्या होती. एकाच देशातून लाखो उच्चशिक्षित अर्ज करतील हे कोणाच्या गावीही नव्हतं.

आणखी एक. नातेवाइकांना जवळजवळ तीन चतुर्थांश जागा, हे सेलरच्या मनातलं नव्हतं. केनेडी-जॉन्सन सरकारच्या मसुद्यात कौशल्याला वरचं स्थान होतं. सेलरच्याच समितीतला, स्थलांतर उपसमितीचा अध्यक्ष मायकेल फीगन अडून बसला. त्याचं गणित सरळ होतं. नातेवाइकांना प्राधान्य दिलं की इथे जे आहेत त्यांचेच भाऊबंद येणार, म्हणजे युरोपीयच. रंग तोच राहणार. पण तोवर युरोप सुस्थितीत आला होता, तिथून यायला कोणी फारसं उत्सुक नव्हतं. ज्या शिडीवर आपला माणूस चढावा म्हणून त्याने ती लावली, तिच्यावरून आबांसारख्यांचे भाऊबंद चढले!

---

आबा_ओहायो

अगदी. मी तिसऱ्या पायरीने आलो, नागरिक झालो, आणि धाकट्या भावासाठी पाचव्या पायरीत अर्ज टाकला. पाचवी म्हणजे भावंडं, सगळ्यांत जास्त, २४ टक्के जागा. त्यावेळी लवकर व्हायचं काम. भावाने बायकोसाठी, वहिनीने तिच्या आईसाठी... एका इंजिनिअरमागे अख्खी आळी आली आमची. आता त्याच भावंडांच्या रांगेला भारतातून दीड-दोन दशकं लागतात असं ऐकतो.

---

खिडकीतला_पक्षी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण साहेबांचं शेवटी झालं काय? पन्नास वर्षांना दोन महिने कमी का पडले?

---

हडसनकाठी

पाडलं. आणि तेही स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात.

१९७२. सेलर चौऱ्याऐंशीचा. समोर एलिझाबेथ होल्ट्झमन, वय तीस, हार्वर्डची वकील. पैसा नाही, पक्षयंत्रणा नाही. सेलर म्हणाला, वॉशिंग्टन स्मारक दातकोरण्याने पडतं होय? आणि प्रचाराला बाहेरच पडला नाही. ती मात्र सिनेमाच्या रांगेत, सुपरमार्केटच्या दारात, सबवेच्या जिन्यावर लोकांना पत्रकं वाटत होती. व्हिएतनामचं युद्ध, समान हक्क दुरुस्तीला त्याचा विरोध, मतदारसंघात त्याचं न दिसणं, हे तिचे मुद्दे. २० जून १९७२ला सेलर सहाशेच्या आसपास मतांनी पडला.

तारीख बघा. तीनच दिवस आधी, १७ जूनला, वॉटरगेट इमारतीत घुसखोर पकडले गेले होते. दोन वर्षांनी निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी झाली ती याच न्यायविषयक समितीपुढे. अध्यक्षाची खुर्ची सेलरनंतर न्यू जर्सीच्या पीटर रोडिनोकडे गेली होती, आणि जगभर नाव झालं ते रोडिनोचं. समितीत होल्ट्झमनही सदस्य म्हणून बसली होती.

---

साखरझोपमोड

आणि १९८०चा निर्वासितांचा कायदा? त्यावर टेड केनेडींच्या बरोबरीने काम कोणी केलं? होल्ट्झमननेच. सेलरने चाळीसच्या दशकात हिटलरच्या तावडीतल्या ज्यूंना व्हिसा द्या म्हणून परराष्ट्र खात्याशी भांडण मांडलं होतं, अधिकाऱ्यांवर जाहीर टीका केली होती, तरी हाती फार थोडं लागलं. निर्वासितांसाठी कायमची नीट व्यवस्था झाली ती त्याला पाडणाऱ्या बाईच्या कायद्याने.

---

काळा_कोट

कायदा मार्च १९८०चा आणि सेलर वारला जानेवारी १९८१ला, ब्रुकलिनमध्येच, ब्याण्णव वर्षांचा होऊन. म्हणजे ते बघायला तो होता. खासदारकी गेल्यावरही वकिली सोडली नव्हती म्हणे. एकाच दाराने, अशी आशा करू.